टिटवीची अंडी आणि दहावीच्या पोरीचा प्रश्न: अनुकूलन हा उत्क्रांतीचा पुरावा धरायचा का?

शाळेच्या_वाटेवर (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. मी सोलापूरजवळच्या एका गावात विज्ञान शिकवते, सातवीला पण आणि दहावीला पण. आमच्याकडं दहावीचे जादा तास एप्रिलातच सुरू होतात, तर त्या पोरांना घेऊन परवा सकाळी नान्नजच्या बाजूच्या माळावर गेले होते. माळढोक दिसायची आशा नव्हतीच, काळवीटांचा एक कळप दिसला, आणि परत निघताना एका पोरीचा पाय टिटवीच्या अंड्यांवर पडता पडता राहिला. चार अंडी, उघड्या मुरमात, भोवती बारके खडे, मातकट रंग त्यावर काळपट ठिपके, ती बोट दाखवतीय आणि मला तिथंच उभं राहून दिसेनात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत नुसती ओरडत होती. आम्ही लांब बाभळीखाली जाऊन बसलो तेव्हा ती परत आली, कुठल्यातरी डबक्यात बसून आलेली, पोटाची पिसं ओली, आणि तशीच अंड्यांवर बसली. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको, अंडी उकडू नयेत म्हणून ही धडपड.

मी भारावून बोलून गेले, बघा रे, उत्क्रांतीचा जिवंत पुरावा. तर तीच पोरगी म्हणाली, मॅडम, सातवीत तुम्ही अनुकूलन शिकवलं, पहिलाच धडा होता, पण दहावीच्या पुस्तकात उत्क्रांतीच्या पुराव्यांची यादी आहे त्यात अनुकूलन नाहीच. आणि पुढं म्हणाली, आमची आज्जी म्हणते देवानंच टिटवीला मातीच्या रंगाची अंडी दिली, तर ही अंडी बघून आज्जीचं चूक कसं ठरवायचं?

घरी येऊन पुस्तक काढलं. खरंय तिचं. बाह्यरूपीय, शरीरशास्त्रीय, अवशेषांगे (आता उपयोग न उरलेले अवयव), पुराजीवविषयक, जोडणारे दुवे, भ्रूणविज्ञान. अनुकूलन नाही. इतकी वर्षं शिकवते पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. सोमवारी तिला उत्तर द्यायचंय. जाणकारांनी सांगा, गोलगोल नको.

माळदांडी
मॅडम पुरावा नाहीतर काय ओ तो. उंटाला कुबड, बदकाला पडदा, माळावरच्या अंड्याला मातीचा रंग. जो टिकला तो टिकला. यात प्रश्न कुठं येतो तेच मला कळेना.

पूर्व_भागातला
मला कळतो प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे, अनुकूलन हा पुरावा नाही. आमच्या घरात तीन पिढ्या यंत्रमाग. आजोबा दिवसभर त्या खडखडाटात बसायचे आणि शेजारच्या मागाचा धागा तुटला तर आवाजावरनं ओळखायचे, नवीन माणूस तिथं दहा मिनिटं थांबू शकत नाही. पुण्याचा पाहुणा मे महिन्यात आला की दुसऱ्या दिवशी आडवा, आपण दुपारी सायकलवर. हे जुळवून घेणंच आहे की. पण म्हणून आमच्या घरात जन्मलेलं पोर काय वेगळे कान घेऊन आलं का? नाही. सवय झाली, संपलं. सवयीला उत्क्रांती म्हणायचं असेल तर कशालाही म्हणता येईल.

लॅबवाला_सात_रस्ता
पूर्व भागातले दादा, तुम्ही जे सांगताय ते बरोबर आहे पण तो वेगळा विषय आहे आणि सगळा घोळ इथंच होतो, कारण मराठीत आपण दोन्हीला जुळवून घेणंच म्हणतो. एक, एकाच जिवानं आपल्या आयुष्यात जुळवून घेणं, घाम लवकर यायला लागणं, उन्हात रापणं, उंचावर गेल्यावर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढणं. हे त्याच्याबरोबर जातं, पोरांना मिळत नाही. दुसरं, पिढ्यांमागं पिढ्या जाताना अख्ख्या समूहातलं प्रमाण बदलणं. उत्क्रांतीवाले अनुकूलन म्हणतात ते हे दुसरं.

माझं काम कल्चरचं, म्हणजे जंतू वाढवून तपासायचं, सतरा वर्षं झाली. प्लेटवर जंतू पसरायचे, वर अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवायच्या, रात्रभर इन्क्युबेटरला. सकाळी चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो, तिथं जंतू मेले. पण कधीकधी त्या स्वच्छ गोलाच्या आत दोनचार ठिपके उभे असतात, टाचणीच्या डोक्याएवढे. त्यांनी औषध बघून रात्रीत शहाणपण शिकलं असं बघणाऱ्याला वाटतं. तसं नसतं. १९५२ साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या नवराबायकोनं हे मखमलीनं दाखवलं. औषध नसलेल्या प्लेटवरच्या वसाहती मखमलीच्या ठोकळ्यावर उमटवायच्या आणि तोच ठसा औषधाच्या प्लेटवर मारायचा. जिथं कुठं जंतू जगले ती जागा बघून पहिल्या प्लेटवर परत जायचं. तिथल्या जंतूंना औषधाचा वास पण लागलेला नाही, तरी ते औषधाला दाद देत नाहीत. म्हणजे फरक आधीच होता, औषधानं फक्त बाकीचे मारले. ज्याला कुणाला निवड म्हणजे काय हे समजून घ्यायचंय त्यानं एवढा एकच प्रयोग नीट समजून घ्यावा, मी तर म्हणतो दहावीच्या पुस्तकात घालायला पाहिजे.

बार्शीचं_रान
लॅबवाले सर, तुमचे चार ठिपके आम्ही शेतात बघितलेत. माझा मेव्हणा जालन्याकडं कापूसवाला. बीटी, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच बनवणारं कापसाचं बियाणं, २००२ ला आलं तेव्हा बोंडअळीचं टेन्शन गेलं होतं, फवारणी कमी झाली, लोक लय खूश. २०१७ ला दिवाळीत गेलो तर मेव्हणा रानात खाली बसलेला. कैरी, म्हणजे कापसाचं कच्चं बोंड, वरनं चांगली, हिरवीगार, फोडली की आत सरकी पोकळ आणि गुलाबी अळी वळवळलाली. फुलं तर उमलतच न्हाईत, पाकळ्या एकमेकींला चिकटून डोमकळी झालेली. बियाणं बीटीचंच बरं का. ज्या विषानं अळी मरत होती तेच विष खाऊन ती जगलाली.

आणि आमची चूक पण सांगतो. पाकिटात ४५० ग्रॅम बीटीबरोबर १२० ग्रॅम साधं बियाणं वेगळं यायचं, कडेनं लावा म्हणून. कुणी लावलं न्हाई. मेव्हण्यानं बी न्हाई. साध्या कापसाला अळी लागणार, मग मुद्दाम कशाला लावायचं असं सगळ्यांचं डोकं. नंतर कृषी विद्यापीठातल्या एका साहेबानं बांधावर उभं राहून सांगितलं का लावायचं ते, तवर उशीर झालता.

शाळेच्या_वाटेवर (धागाकर्ती)
दादा, का लावायचं होतं ते इथं लिहा ना, पोरांना सांगता येईल.

बार्शीचं_रान
साध्या झाडावर साध्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग होतात. बीटीतनं जे एखाददुसरं दणकट जगलं त्याचं लग्न या साध्याबरोबर लागतं, आणि त्यांची पिल्लं परत बीटी खाऊन मरतात. साधी कापूसओळच न्हाई म्हटल्यावर दणकटाचं लग्न दणकटाबरोबर. मग पुढची सगळी पिढी दणकट. आम्ही आमच्या हातानं निवड केली म्हणा की.

लॅबवाला_सात_रस्ता
यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. फक्त एक भर, ते विष अळीच्या आतड्यातल्या एका प्रथिनाला चिकटून काम करतं. विष न लागणाऱ्या अळ्यांमध्ये त्या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं सापडलंय. म्हणजे नुसतं शेतात दिसलं असं नाही, कुठल्या जनुकात काय बदललं तिथपर्यंत धागा पोचतो.

पूर्व_भागातला
ठीक आहे, सवय वेगळी आणि हे वेगळं, मान्य. पण अळी अळीच राहिली ना? पतंगाचा पतंगच. जंतूचा जंतूच. विष पचवणारी अळी झाली म्हणून तिचं फुलपाखरू पण झालं नाही आणि चिमणी पण झाली नाही. तुम्ही चार पावलं चाललेली दाखवताय आणि म्हणताय माणूस पंढरपूरला पोचला. हे मी वाद घालायला म्हणून म्हणत नाहीये, मला खरंच हे पटत नाही.

कडक_भाकरी
+१. आणि पुस्तकातली उदाहरणं पण तपासून घ्या. इंग्लंडच्या काळ्या पतंगांचं उदाहरण सगळीकडं असतं, कारखान्यांच्या धुरानं झाडं काळी झाली, पांढरे पतंग पक्ष्यांनी खाल्ले, काळे वाढले वगैरे. त्यातले फोटो मेलेले पतंग झाडाला चिकटवून काढलेले होते. असला पुरावा पोरांना शिकवायचा?

लॅबवाला_सात_रस्ता
फोटोंचं खरं आहे, पतंग खोडावर ठेवून काढलेले होते, आणि पक्षी कुठले पतंग जास्त खातात ते बघणाऱ्या केटलवेल या शास्त्रज्ञाच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगावर शास्त्रज्ञांनीच टीका केली की पतंग दिवसा असे उघड्या खोडावर सहसा बसत नाहीत. पण गोष्ट तिथं संपली नाही आणि लोक अर्धीच सांगतात याचं मला वाईट वाटतं. केंब्रिजचा मायकेल मॅजेरस म्हणाला परत करून बघू. २००१ पासून सहा वर्षं, ४,८६४ पतंग, ते नेहमी जिथं बसतात तिथंच बसवून. तोवर हवा स्वच्छ झालेली, खोडं उजळलेली, त्यामुळं आता उलटं दिसायला पाहिजे होतं आणि तसंच दिसलं, काळे जास्त खाल्ले गेले. तो स्वतः २००९ ला वारला, त्याची आकडेवारी दुसऱ्यांनी २०१२ ला छापली. आणि २०१६ ला काळ्या रंगामागचा डीएनएतला बदल पण सापडला. १८४८ साली मँचेस्टरला पहिल्यांदा नोंदलेला काळा पतंग १८९५ पर्यंत तिथं ९८ टक्के झाला होता, हवा सुधारल्यावर तो परत दुर्मिळ झाला. चुकीचा फोटो काढून टाका, उदाहरण का टाकायचं?

विठूचा_दास
सर्व माऊलींना नमस्कार. मी विज्ञानाचा विरोधक नाही. पण आपल्याकडं मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम आधीच सांगितलाय की. पाण्यातनं जमिनीवर, जनावरातनं माणसाकडं. मग ही पोरीची आज्जी आणि तुम्ही वेगळं काय बोलताय?

शाळेच्या_वाटेवर (धागाकर्ती)
माऊली, हे मी वर्गात पण ऐकते आणि त्याला हसत नाही. क्रम जुळतो हे खरं. पण मत्स्याच्या पोटी कूर्म जन्मला असं पुराण म्हणत नाही, प्रत्येक वेळी विष्णूच रूप घेऊन येतो. उत्क्रांती म्हणते नातं रक्ताचं आहे, वंशावळ आहे. म्हणजे दोन्ही वेगळ्या गोष्टी सांगतात. श्रद्धेला पुरावा लागत नाही आणि तो मागायला मी जाणार नाही, पण विज्ञानाच्या तासाला पुरावा द्यावाच लागतो. केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातनं २०२३ ला उत्क्रांतीचा भाग गेला, आपल्या राज्याच्या पुस्तकात तो दुसऱ्या भागातला पहिलाच धडा आहे, तर तो नीट शिकवावा एवढीच माझी तळमळ आहे.

हिप्परगा_पहाट
उशिरा आलो, सकाळी तलावावर होतो. पूर्व भागातले भाऊ, पंढरपूरचं बोललात, मी तुम्हाला मधले मुक्काम दाखवतो.

आपल्याकडं हिवाळ्यात चिंचेच्या, कडुलिंबाच्या शेंड्याला एक हिरवट बारका वटवट्या येतो, चिमणीपेक्षा लहान, ऐकू जास्त येतो दिसतो कमी. हा हिमालयात आणि त्याच्या पलीकडं अंडी घालतो. तिबेटच्या पठारावर तो राहू शकत नाही म्हणून त्याची वस्ती पठाराच्या दोन्ही अंगानं वर चढत गेलीय, एक पश्चिमेकडनं, एक पूर्वेकडनं. शेजारच्या शेजारी गाणं थोडंच बदलत जातं. पण दोन्ही टोकं वर सायबेरियात परत भेटतात तेव्हा गाणी इतकी वेगळी झालेली असतात की एकमेकांना जोडीदार म्हणून ओळखत नाहीत. मधे दोन बाजूंची ताटातूट पण झाली होती असं जनुकं सांगतात, तरी मुद्दा तोच. एक जात कुठं संपली आणि दुसरी कुठं सुरू झाली, रेघ मारून दाखवा. पक्षी पक्षीच राहिला म्हणाल, पण एकाचे दोन होतात कसे ते नकाशावर दिसतं.

आता लांबचा मुक्काम. कच्छच्या दगडात पाय असलेल्या देवमाशांची हाडं आहेत, चार कोटी वर्षांपेक्षा जुनी. आणि जम्मूच्या कालाकोट भागातनं रंगा राव या भूवैज्ञानिकांनी जमवलेल्या दगडांत एक खुरवाला प्राणी निघाला, हरणासारखा पण छोटा, नाव इंडोहायस. त्याच्या कानाचं हाड देवमाशासारखं जाड आणि पायाची हाडं पाण्यात उभं राहणाऱ्या जनावरासारखी जड, हे २००७ ला छापून आलं. म्हणजे समुद्रातल्या सगळ्यात मोठ्या जनावराचे चुलते आपल्या देशात खुरांवर चालत होते. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

माळदांडी
भारी. पण मला एक सांगा, अळी पंधरा वर्षांत जुळवून घेते मग माळढोक का नाही? नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ ला झालं. आमच्या वडिलांनी कळपानं बघितलेत. आज बोटावर मोजण्याइतके पण नाहीत.

हिप्परगा_पहाट
हा प्रश्न माझ्या काळजाला लागतो. माळढोक माळासाठीच घडलाय. जमिनीवर अंडं घालतो, बहुतेक एकच. डोळे दोन्ही बाजूंना, गवतात कुठूनही कोण येतंय ते दिसायला, पण उडताना बरोब्बर समोरचं कमी दिसतं. वजन जड, ऐनवेळी वळता येत नाही. शेकडो पिढ्या समोर हवेत काही नव्हतंच, म्हणून हे चाललं. मग विजेच्या तारा आल्या, कुत्री वाढली, गवत गेलं. जी गोष्ट काल गुण होती ती आज जीव घेते. निवड पुढचं बघत नाही, ती कालच्या माळासाठी झालेली असते. आणि निवड व्हायला आधी फरक लागतात, संख्या लागते. बोंडअळीची मादी शंभरावर अंडी घालते आणि महिन्याभरात नवी पिढी. माळढोकाचं एक अंडं गेलं की एक वर्ष गेलं. निवडायला शिल्लक कोण आहे?

सराटा सगळ्यांना माहीत आहे, पायात मोडतो तो. त्याच्याच जातभाईचं एक काटेरी फळ गॅलापागोसच्या डॅफनी बेटावर असतं. पीटर आणि रोझमेरी ग्रँट १९७३ पासून तिथल्या फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होते, प्रत्येक पक्ष्याच्या पायात कडी. १९७७ ला दुष्काळ पडला. मऊ बारीक बी संपलं, हे सराट्यासारखं टणक फळ राहिलं. ज्यांची चोच थोडी जाड त्यांनाच ते फुटलं. मध्यम जमिनी फिंच या जातीतले शंभरातले पंच्याऐंशी मेले. पुढच्या पिल्लांची चोच सरासरीनं सुमारे चार टक्के जाड. १९८३ ला धो धो पाऊस झाला, बारीक बी माजलं, मग वारं उलटं फिरलं आणि लहान चोचीवाल्यांची चलती झाली. मॅडम, आज्जीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं दिसतं. चोच बियाला फिट बसते हा पुरावा नाही. बी बदललं तेव्हा चोच पिढीत बदलली, आणि ती कॅलिपरनं मोजली, हा पुरावा.

पूर्व_भागातला
वटवट्याचं उदाहरण मला माहीत नव्हतं. विचार करायला लागेल. पण मग मूळ प्रश्नात मी बरोबरच होतो की, नुसतं फिट बसणं पुरावा नाही.

लॅबवाला_सात_रस्ता
हो दादा, तिथं तुम्ही बरोबर आहात आणि माळदांडी साहेबांचं पहिलं उत्तर घाईचं होतं. डार्विनच्या आधी १८०२ ला विल्यम पेली नावाच्या पाद्र्यानं हेच लिहिलं होतं, डोळा बघा, पंख बघा, किती बेतून बनवलंय, म्हणजे बनवणारा आहे. अगदी आज्जीचाच मुद्दा. सुंदर फिट बसलेली गोष्ट दोन्ही पक्ष आपापल्या बाजूनं सांगू शकतात, म्हणून ती एकटी निकाल देत नाही.

निकाल देतं ते जिथं फिट बसलेलं नाही. शेळी लिंबू खात नाही, तरी तिला स्कर्व्ही होत नाही, कारण क जीवनसत्त्व ती यकृतात स्वतः बनवते. बहुतेक सस्तन प्राणी बनवतात. आपल्याला येत नाही. पण ते बनवायचं जनुक आपल्यात आहे, मोडक्या अवस्थेत. आणि ते चिंपांझीत मोडलंय, माकडात पण मोडलंय, खुणा जुळतात. गिनीपिगला पण हे येत नाही, पण त्याचं वेगळ्या ठिकाणी मोडलंय. घरात एकाच ठिकाणी चिरलेली दोन ताटं सापडली तर ती एकाच बोचक्यातनं आलीत असं आपण म्हणतो. मोडकं जनुक कुणाला कशाशी जुळवून देत नाही, त्याचा फायदा काहीच नाही. तिथं फक्त नातं शिल्लक राहतं. दहावीच्या यादीत अवशेषांगं का आहेत आणि टिटवीची अंडी का नाहीत, ते यामुळं.

कडक_भाकरी
पतंगांचं पूर्ण वाचलं. माझी माहिती अर्धी होती. मॅजेरसचं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

शाळेच्या_वाटेवर (धागाकर्ती)
सगळ्यांचे मनापासून आभार. आज शाळेत बोलले. पोरीला सांगितलं की परवा मी घाईनं बोलले, अंडी मातीसारखी असणं हा एकट्यानं पुरावा नाही. मग बोंडअळी सांगितली, सराट्याची फिंच सांगितली, शेळीचं जनुक सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणते, मग मॅडम, आपण मोजूया का? मातीच्या रंगाची अंडी खरंच जास्त वाचतात का ते?

हिप्परगाकर दादा, हे करता येईल का? टिटवीच्या घरट्याला धक्का न लावता.

हिप्परगा_पहाट
खऱ्या घरट्याजवळ अजिबात जायचं नाही, माणसाच्या वासामागं कुत्री येतात. आणि अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीच नाही. बाजारात जपानी लाव्याची अंडी मिळतात, ती आणा. वीस पांढऱ्या चुन्यानं, वीस मुरमाच्या चिखलानं रंगवा, दोन्हीला सारखाच वास लागू दे. वीस वीस पावलांवर ठेवा, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, मनानं नको. सकाळ संध्याकाळ लांबूनच मोजा.

पूर्व_भागातला
दोन्ही अंडी सारखीच गेली तर तेही इथं लिहायचं. आधीच सांगून ठेवतो.

शाळेच्या_वाटेवर (धागाकर्ती)
लिहीन. नक्की लिहीन. जागेचाच प्रश्न आहे फक्त.

बार्शीचं_रान
आमचं दोन एकर पडीक हाय, मुरमाड, कावळे मुंगसं भरपूर. पोरांना घेऊन या मॅडम. सकाळी सातच्या आत या मात्र, नंतर ऊन लय व्हतंय. अंडी ठिवायला माझी पोरगी बी येईल, सातवीत हाय ती.